पुस्तकं कुणाची?

अधिवेशन म्हटलं की फाइल, बॅज, जेवणाची कुपनं आणि ठरावांच्या झेरॉक्स. एका महिला संघटनेच्या अधिवेशनासाठी त्या रविवारी सीवूड्सला निघाले तेव्हा माझी अपेक्षा एवढीच होती. चेंबूरहून हार्बरची गाडी पकडली आणि मॉलखालच्या सीवूड्स-दारावे स्टेशनला उतरले. परतताना मात्र हातात दोन जड कापडी पिशव्या होत्या आणि डोक्यात एक प्रश्न. तो अजून नीट सुटलेला नाही, म्हणून हे लिहितेय.

सकाळच्या गटचर्चेत मी ताराबाई शिंद्यांबद्दल चार वाक्यं बोलले होते. जेवणाच्या रांगेत एक ताई मागून म्हणाल्या, "संध्याकाळी घरी ये गं, पाच मिनिटांवर आहे. तुला पुस्तकं द्यायचीत." वय ऐंशीच्या आसपास, संघटनेत उभा जन्म गेलेला. मुलगा परदेशात, घर आवरायला काढलेलं. टेबलावर वीसेक पुस्तकं होती. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे', बेबी कांबळ्यांचं 'जिणं आमुचं', उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला' आणि सगळ्यांत वर 'स्त्री-पुरुष तुलना'. पहिल्या पानावर नाव, तारीख. समासात पेन्सिलीच्या खुणा. "भाजीच्या पैशांतून वाचवून घेतलीत," त्या म्हणाल्या.

आणि मला घाम फुटला. कारण आई गेल्यानंतर तिचं पुस्तकांचं कपाट मी रद्दीवाल्याला दिलं होतं. किलोच्या भावाने. घरात जागा नव्हती, हे खरं. पण एकही पुस्तक उघडून पाहिलं नाही, हेही खरं.

अशा माणसाने ही पुस्तकं घ्यावीत का? दान सत्पात्री असावं, असं आपण म्हणतो. पात्र पारखायचं काम देणाऱ्याचं, असंही मानतो. पण घेणाऱ्याने तोंड मिटून ठेवलं तर पारखणार कशी? फ्रेंच अभ्यासक मार्सेल मोस यांनी 1925 साली भेटवस्तूंवर लिहिताना दाखवलं की देणं, घेणं आणि परत करणं ही तिन्ही बंधनंच असतात. ऐंशीच्या बाईला मी परत काय करणार होते? निदान खरं सांगणं तरी माझ्याकडे लागत होतं.

दुसरं मन म्हणत होतं, घेऊन तर ठेव. 'तुलना' 1882 साली पुण्यात छापली गेली. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येबद्दल शिक्षा झाली आणि सगळ्या बायकांवरच ताशेरे सुरू झाले, त्याला बुलढाण्याच्या ताराबाईंनी दिलेलं ते उत्तर. जोतीराव फुल्यांनी 1885 साली 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. पुढे पुस्तक विस्मरणात गेलं, ते 1975 साली स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रसिद्ध केलं. मधल्या काळात कुणीतरी एक प्रत टाकून दिली नाही, म्हणूनच ना? त्याने ती वाचली की नाही, कोण जाणे. म्हणजे नुसतं जपण्यालाही मोल आहे. पण त्याच नव्वद वर्षांत कितीतरी बायका ती न वाचताच गेल्या. म्हणजे जपणं हे अर्धंच काम.

शेवटी सांगून टाकलं. ताई जरा वेळ गप्प राहिल्या. मग विचारलं, "कुठली कुठली होती?"

मला दोनापलीकडे नावं आठवेनात.

"असू दे" असं त्या म्हणाल्या नाहीत. ते बरंच झालं. माफ करायला ती पुस्तकं त्यांची नव्हतीच. वही पुढे केली आणि म्हणाल्या, "ही नेताना एकेकाचं नाव लिही." मी लिहिली. मधे त्यांनी चहा केला.

त्या वहीत आता दुसरा रकाना आहे: पुस्तक सध्या कुणाकडे. सात बाहेर आहेत, दोन परत आली, एक बहुधा येणार नाही. दिलेलं पुस्तक संपूर्ण माझं झालं, ताईंनी एकही अट घातली नाही, हे मला मान्य आहे. तरीही ती केवळ माझी आहेत असं वाटत नाही. आईची मात्र माझी नसताना मी माझी समजून विकली.

'तुलना'पुढचा रकाना कोरा आहे. शेजारची कॉलेजातली मुलगी दोनदा मागून गेली. द्यायला हवं, हे कळतं. अजून देववत नाही.