संत पौलाची शर्यत आणि वर्गणी



जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबईत मॅरेथॉन असते. २००४ साली ती सुरू झाली तेव्हा श्रीमंतांचे एक नवे खूळ म्हणून पुष्कळांनी तिच्याकडे पाहिले. आता आपल्या आजूबाजूची साधी नोकरदार मुलेमुलीही तिची तयारी करतात, आणि त्यांतील काहीजण एखाद्या अनाथालयासाठी, आजारी मुलांच्या औषधोपचारासाठी पैसे गोळा करीत धावतात. “मी धावणार आहे, तुम्ही काहीतरी द्या,” असे म्हणत ते नातेवाईक आणि शेजाऱ्यांना गाठतात. मग घराघरांत प्रश्न निघतोच: द्यायचे तर गुपचूप द्यावे, त्यासाठी रस्त्यावर धावायचे कशाला? प्रभू येशूने तर दान करताना डाव्या हातालाही कळू देऊ नये असे शिकविले आहे ना?

प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी आपण संत पौलाकडे जाऊ या.

करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात पौल शर्यतीत धावणाऱ्यांचे उदाहरण देतो. करिंथच्या लोकांना ते चटकन समजले असणार, कारण त्यांच्या शहराजवळ इस्थमिया येथे दर दोन वर्षांनी मोठे खेळ भरत. जिंकणाऱ्याला पानांचा मुकुट मिळे, तो थोड्याच दिवसांत सुकून जाई. हा उतारा आपल्या ओळखीचा आहे. पण त्याच पत्राच्या सोळाव्या अध्यायाकडे आपले सहसा लक्ष जात नाही. तेथे पौल चक्क वर्गणीविषयी लिहितो! यरुशलेममधील गरजू बांधवांसाठी प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपल्या मिळकतीप्रमाणे काही बाजूला काढून ठेवावे, अशी त्याची सूचना आहे. पौल मागताना लाजला नाही, कारण तो स्वतःसाठी मागत नव्हता. प्रभूने निषेध केला तो आपल्या दानाची दवंडी पिटण्याचा. दुसऱ्याची गरज चारचौघांत सांगणे ही गोष्ट वेगळी.

कॅनडातील टेरी फॉक्स या तरुणाची हकिगत येथे सांगावीशी वाटते. १९७७ साली, वयाच्या १८ व्या वर्षी, हाडाच्या कॅन्सरमुळे त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. इस्पितळात त्याने इतर कॅन्सरग्रस्तांचे, लहान मुलांचेही, हाल पाहिले आणि ते त्याच्या मनातून जाईनात. कॅन्सरवरील संशोधनासाठी पैसा उभा करायचा म्हणून १२ एप्रिल १९८० रोजी सेंट जॉन्स येथे त्याने आपला कृत्रिम पाय अटलांटिक महासागरात बुडविला आणि देशाच्या दुसऱ्या टोकाकडे धावू लागला. दररोज सुमारे ४२ किलोमीटर, म्हणजे रोज एक मॅरेथॉन! बरोबर एक मित्र व्हॅन घेऊन असे.

त्याचे मागणे मात्र अगदी लहान होते. देशाची लोकसंख्या २ कोटी ४० लाखांच्या आसपास, तेव्हा माणशी एक डॉलर. पोर्ट ओ बास्क नावाच्या गावात दहा हजारांच्या आसपास वस्ती होती. त्या गावाने दहा हजार डॉलर जमवून दिले. मंदिराच्या दानपेटीत दोन नाणी टाकणारी विधवा अशा गावात सहज सामावली असती. पुढे क्वेबेक प्रांतात फारसे कोणी विचारलेही नाही. तरी तो धावत राहिला. आपला माल खपविण्यासाठी त्याचे नाव वापरू पाहणाऱ्यांना त्याने नकार दिला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावल्यावर १ सप्टेंबर १९८० रोजी थंडर बे शहराजवळ त्याला थांबावे लागले. कॅन्सर फुफ्फुसांत पोहोचला होता. फेब्रुवारी १९८१ मध्ये निधीने २ कोटी ४० लाख डॉलरचा टप्पा ओलांडला. २८ जून रोजी, अवघ्या २२ व्या वर्षी, तो देवाघरी गेला.

धावण्याने पैसा निर्माण होत नाही, तो लोकांच्याच खिशातून येतो. पण जो स्वतः घाम गाळून दारात उभा राहतो त्याला “नाही” म्हणणे आपल्याला जरा जड जाते. आणि ते “नाही” ऐकून घेणे हीदेखील एक तपश्चर्याच आहे. आमच्या मते बेचाळीस किलोमीटरपेक्षा अवघड.

एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. शर्यतीची नोंदणी फी भरली म्हणजे दान झाले, असे नव्हे. टी-शर्ट घालून फोटो काढला म्हणजेही नव्हे. ज्यांच्या नावाने मागितले त्यांच्यापर्यंत पैसा पोहोचला पाहिजे आणि देणाऱ्याला हिशेब मिळाला पाहिजे. पौलाने याची फार काळजी घेतली. पैशांबाबत कोणी बोट दाखवू नये म्हणून त्याने मंडळ्यांनी निवडलेली माणसे बरोबर घेतली, हे दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात वाचायला मिळते. ती मदत घेऊन तो स्वतः यरुशलेमला गेला. तेथे त्याला अटक झाली आणि पुढे बेड्यांतच तो रोमला पोहोचला.

ज्यांना मॅरेथॉनसाठी रविवारी पहाटेची पहिली गाडी पकडायची आहे त्यांनी शनिवारी सायंकाळच्या मिस्सेला यावे. ती रविवारचीच मिस्सा धरली जाते. ज्यांच्यासाठी धावणार आहात त्यांचीही आठवण त्या वेळी वेदीसमोर करता येईल.