प्रेमाला मर्यादा असावी का?



रात्री अकरा वाजता धाकट्या बहिणीचा फोन येतो, "ताई, तुझ्याशिवाय मला कोणी नाही गं." ताई तासभर ऐकून घेते. दुसऱ्या दिवशी कामाच्या गडबडीत तिला फोन घेता येत नाही, तर संध्याकाळी बहीण ओरडते, "तू माझी वैरीण आहेस!" ताई सगळे सोडून धावत जाते. असे वर्षभर चालते. शेवटी थकलेली ताई बहिणीचा नंबरच ब्लॉक करते. मग मिस्साला बसली तरी मन तिला खात राहते : मी पाप केले का?

असे अनुभव अनेक घरांत आहेत. ह्यामागे कधी कधी बॉर्डरलाईन पर्सनॅलिटी डिसऑर्डर नावाचा आजार असतो. त्यात भावना चटकन भडकतात, उशिरा शांत होतात आणि आपले माणूस सोडून जाईल ही भीती मनाला पोखरत असते. हे नाटक नव्हे. म्हणूनच ताईचे अचानक तोडून टाकणे बहिणीला फार लागते.

ह्या आजारावर उपचारपद्धती उभी करणाऱ्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान कॅथलिक घरात वाढल्या. तरुणपणी आपणही मनोरुग्णालयात होतो, हे त्यांनी २०११ साली जाहीरपणे सांगितले. रुग्णाला आहे तसे स्वीकारावे आणि बदलायलाही मदत करावी, असे त्यांची पद्धत सांगते. उपचार करणाऱ्यानेही आपली सहनशक्ती कुठे संपते ते ओळखून मोकळेपणाने सांगावे, असेही ती सांगते.

"तू ओरडू नकोस" हा झाला हुकूम. "तू ओरडलीस तर मी फोन ठेवीन आणि उद्या सात वाजता स्वतः करीन" ही झाली मर्यादा. ती आपल्या वागण्याला असते. ती भांडणात नव्हे, शांत वेळी सांगावी आणि पाळावी. दहाव्या फोनला आपण नमलो, तर दहा फोन करावे लागतात, एवढेच ती शिकते. सुरुवातीला राग वाढेल, दोघींनाही त्रास होईल.

मात्र जीव देण्याची भाषा आली, तर ती दर वेळी गंभीरपणे घ्यावी. तिला एकटे सोडू नये, घरच्यांना व डॉक्टरांना कळवावे. शासनाची टेलि-मानस सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर रात्रंदिवस मिळते. तो भार ताईने एकटीने वाहायचा नाही.

सत्तर वेळा सात क्षमा करायला शिकवणारे प्रभू येशूही गर्दी सोडून एकांतात प्रार्थनेला जात आणि पुन्हा लोकांत परतत. मर्यादेतही हे परतणे हवे. नाही तर ती शिक्षा होते.

म्हणून ताईने नंबर पुन्हा सुरू करावा. रात्री अकराचा फोन घेता येणार नाही, हे प्रेमाने सांगावे. आणि सात वाजता न चुकता फोन करावा.