मज्जेचे वार्धक्य

वार्धक्यात मनुष्य व्याधींना लवकर वश होतो, हे आपण इतके गृहीत धरून चालतो की, त्या दौर्बल्याचा उगम कोठे आहे, हा प्रश्न सहसा आपल्या मनात उद्भवतच नाही. रक्तपेशींचे जन्मस्थान अस्थींच्या आतील मज्जेत आहे, हे अर्न्स्ट नॉयमान यांनी १८६८ साली दाखवून दिले. ज्या मोजक्या मूलपेशींपासून रक्ताचा सारा विस्तार होतो, त्यांच्या अस्तित्वाचा प्रायोगिक पुरावा १९६१ साली टोरांटोच्या टिल आणि मॅक्‌कुलॉक यांनी पुढे आणला. आणि या मूलपेशी भोवतालच्या विशिष्ट परिसराच्या आश्रयानेच आपले मूलपण टिकवतात, हा विचार १९७८ साली स्कोफील्ड यांनी मांडला. या तिसऱ्या विचाराचे मोल मला सर्वांत अधिक वाटते. कारण कर्तृत्वाचे गुणगान करताना आश्रयाचे विस्मरण होणे, हा मनुष्याचा जुना दोष आहे.

जन्मसमयी जवळजवळ सर्व अस्थींत रक्त घडवणारी लाल मज्जा असते; प्रौढपणी ती मणके, उरोस्थी, बरगड्या, श्रोणी अशा मोजक्या ठिकाणी उरते, आणि वय वाढते तसा तेथेही मेदाचा अंमल वाढतो, कारण ज्या आधारपेशींनी अस्थी घडवावयाची, त्या मेदाकडे अधिकाधिक वळू लागतात. परिसर असा पालटला तरी मूलपेशी नाहीशा होत नाहीत. त्यांचे गुण मात्र पालटतात, आणि नव्या शत्रूची ओळख पटवून घेणाऱ्या लसिकापेशींची निपज मागे पडते. या लसिकापेशींपैकी बी-पेशी मज्जेतच वाढतात. टी-पेशींचे पूर्वज येथूनच थायमस ग्रंथीकडे जातात, आणि तिचा ऱ्हास तर बालपणीच सुरू झालेला असतो.

तथापि जुन्या अनुभवाचे दप्तर सहसा नष्ट होत नाही. १९१८च्या इन्फ्लुएंझाच्या साथीतून वाचलेल्या, नव्वदी ओलांडलेल्या व्यक्तींच्या रक्तात त्या विषाणूला निष्प्रभ करणारी प्रतिद्रव्ये अद्याप वावरत होती, असे २००८ साली आढळले. अशी प्रतिद्रव्ये दीर्घकाळ पुरवणाऱ्या पेशींचे वसतिस्थानही मुख्यत्वे मज्जाच होय. म्हणजे वृद्ध देह गतकाळातील शत्रूला विसरत नाही. नवागताचा बंदोबस्त करणे मात्र त्याला जड जाते, आणि २०२०च्या महामारीने वृद्धांकडून घेतलेली जबर किंमत हे त्याचे दारुण प्रत्यंतर होते.

आतला आश्रय क्षीण होतो, तेव्हा बाहेरचा आश्रय वाढवणे हाच विवेकाचा मार्ग ठरतो. वृद्धांसाठी अधिक मात्रेच्या अथवा प्रतिसाद वाढवणाऱ्या द्रव्यांनी युक्त अशा लसी आज उपलब्ध आहेत. परंतु आपला १९८५ पासूनचा सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम मुख्यत्वे बालके व गर्भवती यांच्यासाठीच आखलेला आहे. त्यात वृद्धांसाठी तरतूद करणे, आणि त्यांच्याभोवती वावरणाऱ्या तरुणांनी स्वतःचे लसीकरण वेळेवर करून घेणे, याला कोणी दयाबुद्धी समजू नये. एकट्या मूलपेशीचा निभाव जर परिसरावाचून लागत नाही, तर मनुष्याचा लागेल अशी अपेक्षा समाजाने कोणत्या न्यायाने धरावी?