एका बोटाखालचं दुखणं

सावकाश बसा. उजव्या हाताची दोन बोटं उजव्याच बाजूला, कंठमण्याशेजारच्या खोलगट जागेत हलकेच टेकवा. दाबायचं नाही, आणि दोन्ही बाजू एकदम तर मुळीच नाही. ठोका लागला? ही कॅरोटिड, मेंदूकडे आणि चेहऱ्याकडे रक्त नेणारी धमनी.

थोडा वेळ नुसते ठोके जाणवू द्या.

आता कल्पना करा, नेमकी हीच जागा दुखते आहे. बोट टेकलं की कळ, कधी गिळताना, कधी जबड्यापर्यंत किंवा कानापर्यंत. आपण लगेच कारण शोधतो. उशी बदलली, मान आखडली, घसा धरला. हात बामकडे जातो. थांबा, चोळू नका. आधी बघा, दुखणं दाखवायला अख्खा तळहात लागतो, की एक बोट पुरतं?

एका बोटानं दाखवता येणाऱ्या या दुखण्याची नोंद 1927 साली टेंपल फे या अमेरिकी न्यूरोसर्जननं केली. नाव पडलं कॅरोटिडिनिया. 1988 साली डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्याला जागा मिळाली, 2004 साली ती गेली, कारण हा आजार नव्हे, नुसतं लक्षण, असं ठरलं. (दुखणाऱ्याची मान अर्थातच दुखतच राहिली.) पुढे सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये धमनीभोवती, एकाच अंगाला, सूज दिसू लागली. 2017 साली फ्रेंच डॉक्टरांनी अशा 47 रुग्णांचा अभ्यास मांडला आणि ‘टिपिक’ हे नाव सुचवलं. ही सूज बहुधा दोन आठवड्यांत ओसरते, आपोआप किंवा सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी.

हे वाचून सुटल्यासारखं वाटलं ना? त्या सुटकेकडेही जरा संशयानं बघा. कारण ‘टिपिक’ हे नाव बाकीची कारणं बाद झाल्यावर, सगळ्यात शेवटी द्यायचं असतं. धमनीचा आतला थर फाटला तरी मान अशीच दुखते. तरुण बाईला बारीक ताप आहे, वजन उतरतंय, मनगटावरची नाडी लागत नाही, दोन हातांचा रक्तदाब वेगळा येतो, तर ताकायासूचा आजार, म्हणजे मोठ्या धमन्यांना येणारी सूज, आठवायला हवा. तो आपल्याकडेही आढळतो, आणि दोन आठवड्यांत जात नाही. म्हणून डॉक्टरांना दोन्ही हातांचा रक्तदाब मोजायला सांगा, संकोच करू नका.

आणि मान दुखत असताना तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली, हातापायातली ताकद गेली, एक पापणी अचानक उतरली किंवा एका डोळ्यापुढे अंधार आला, तर सकाळची वाट पाहू नका. तडक रुग्णालय गाठा.