घाट, तेल आणि संयम

शहाद्याहून तोरणमाळला जाणारा रस्ता आधी केळी, पपई आणि उसाच्या सपाट शिवारातून जातो आणि मग सातपुड्याला भिडतो. सातपायरीच्या वळणांवर गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर येते. वेग कमी, इंजिनाचे फेरे जास्त, रेडिएटरला वारा जवळजवळ नाहीच. वर, हजार मीटरहून अधिक उंचीवर, गोरक्षनाथांचे मंदिर आणि मच्छिंद्रनाथांची गुहा आहे. महाशिवरात्रीला तिथे मोठी यात्रा भरते. नाथपंथाने ज्या संयमाची वाट दाखवली, त्याबद्दलचा एक जुना प्रश्न घाट चढणाऱ्या ताकदवान गाडीच्या तेलातही सापडतो. संयम म्हणजे शक्ती विझवणे, की शक्ती टिकेल अशा अवस्थेत तिला राखणे?

तेलाचे उत्तर स्पष्ट आहे. इंजिन ऑइलला साधारण ९० ते ११० अंश सेल्सिअस तापमान मानवते. ते फार तापले, १३० अंशांच्या पुढे बराच वेळ राहिले, तर पातळ होते, लवकर जुने होते आणि बेअरिंगमधला त्याचा थर तुटायची भीती असते. हे सगळ्यांना ठाऊक असते. थंड तेलाचा अपाय मात्र फारसा कोणी मोजत नाही. ४० अंशांवरचे तेल १०० अंशांवरच्या तेलापेक्षा पाच-सहा पट घट्ट असते. त्या अवस्थेत अ‍ॅक्सिलरेटर तळाशी दाबला, तर झीज ठरलेली. शिवाय रोज गावातल्या गावात दोन-तीन किलोमीटर फिरणाऱ्या गाडीचे तेल पुरते तापतच नाही, त्यात साचलेले पाणी उडून जात नाही. ऑइलचे झाकण उघडले की आतल्या बाजूला पांढरट-पिवळा चिकट थर दिसतो. ना तापणे, ना राबणे, तरी आतून बिघाड.

त्यातही एक फसगत आहे. डॅशबोर्डवरचा काटा मध्यावर आला की चालकाला वाटते, इंजिन तयार झाले. तो काटा कूलंटचा असतो. तेल त्याच्या बरेच मागून तापते. म्हणून जातिवंत स्पोर्ट्स कारमध्ये तेलाचा काटा वेगळा असतो. बीएमडब्ल्यूच्या १९९८ च्या एम५ मध्ये तर तेल थंड असेपर्यंत टॅकोमीटरवरचे दिवे इंजिनाची मर्यादा खाली दाखवत आणि तेल तापत जाईल तशी ती वर सरकत असे. पोर्शेची ९११ हवेवर थंड होत होती तोवर, म्हणजे १९९८ पर्यंत, इंजिनाची बरीचशी उष्णता तेलच वाहून नेई. दिलीप छाब्रियांच्या डीसी अवंतीत, जी २०१२ च्या दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये आली, टर्बो इंजिन आसनांच्या मागे बसवलेले. अशा रचनेत इंजिन आणि तेल थंड ठेवायला वारा मुद्दाम वळवून मागे आणावा लागतो.

तेलाला अति तापणेही मानवत नाही आणि थंड राहणेही नाही. गीतेचा सहावा अध्याय हेच सांगतो: अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि उपाशी राहणाऱ्यालाही नाही. मराठीत हा अध्याय उलगडला तो गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तीनाथ या परंपरेतल्या ज्ञानेश्वरांनी, १२९० मध्ये. आणि त्याच अध्यायात त्यांनी कुंडलिनीच्या जागृतीचे वर्णन केले. मिताहाराचा उपदेश आणि देहातल्या शक्तीचा उठाव एकाच अध्यायात यावेत, हे फार महत्त्वाचे आहे. बुद्धानेही सहा वर्षांच्या उग्र तपानंतर उपासमार सोडली. संयम म्हणजे गारठून जाणे, असा समज आपल्याकडे प्रवचनांतूनही पसरतो. तो चुकीचा आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. ऑइल कूलरचा थर्मोस्टॅट तेल थंड असताना बंद राहतो आणि तापल्यावर उघडतो, पण म्हणून कोणी त्याला संयमी म्हणणार नाही. त्याला दुसरे काही करताच येत नाही. संयमाला निवड लागते आणि ती चालकाच्या पायापाशी असते. टॅकोमीटरवरचे दिवे इशारा देतात, पाय मात्र ते धरून ठेवत नाहीत. कठोपनिषदातला सारथी इंद्रियांचे घोडे मारून टाकत नाही, लगाम हाती ठेवतो. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याच्या बाजारात घोडे पारखणाऱ्यांनाही मेलेल्या चालीचा घोडा नकोच असतो. त्यांना हवा असतो तेज आणि कह्यात राहणारा.

खंडेनवमी-दसऱ्याला नंदुरबारमध्येही गाड्या धुतल्या जातात, झेंडूचे हार चढतात, चाकाखाली लिंबू फुटते. ही पूजा जरूर करावी. पण त्याच दिवशी ऑइलची पट्टी काढून, पुसून, पातळीही बघावी. सकाळी निघाल्यावर पहिले आठ-दहा किलोमीटर गाडी सैल चालवावी. आणि तोरणमाळचा घाट जोरात चढून आलेली टर्बोची गाडी असेल, तर वर पोहोचताच चावी फिरवू नये. मिनिटाला लाखाहून अधिक फेऱ्यांनी फिरलेल्या टर्बोच्या बेअरिंगमधले तेल एकदम थांबले की तिथेच जळून त्याचा कोळसा होतो. मिनिट-दोन मिनिटे इंजिन आयडलवर राहू द्यावे, मग उतरून दर्शनाला जावे.