म्हातारीचा अधिकार



श्रीनागदेवाचार्यांनी पंडित केशिराजांस संस्कृत रचनेपासून परावृत्त केले, हा ‘स्मृतिस्थळा’तील प्रसंग आपणां सर्वांस ज्ञात आहे. मार्गातील वृद्ध स्त्रिया ज्ञानास मुकतील, ही आचार्यांची चिंता होती. त्या म्हातारीस संस्कृत ग्रंथ ऐकण्याची कोणी बंदी केली नसती. तरीही तो तिला बंदच राहिला असता. अधिकार असणे आणि तो हाती पडणे, या दोन भिन्न गोष्टी होत.

हाच भेद राज्यव्यवहारातही दिसतो. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळाने सी. के. बोले यांच्या ठरावान्वये सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने, न्यायालये अस्पृश्यांस खुली केली. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तसाच ठराव केला. पण चवदार तळ्याचे पाणी त्यांच्या ओंजळीत आले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर सहस्रावधी लोकांसह तळ्यावर गेले, तेव्हा त्यांच्या अनुयायांना मार खावा लागला. पुढे पालिकेने ठरावच मागे घेतला. उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला तो १९३७ साली. कागदावरचा शब्द तळ्याच्या काठापर्यंत जाण्यास चौदा वर्षे लागली!

आज महाराष्ट्रात २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम आहे. अधिसूचित सेवा ठरल्या मुदतीत मिळावी, न मिळाल्यास अपील करता यावे, कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास दंड व्हावा, अशी त्यात तरतूद आहे. परंतु ज्या भटक्या कुटुंबाजवळ जन्माचा वा वास्तव्याचा पुरावाच नाही, ज्या विधवेस फलकावरील अक्षर लागत नाही, त्यांनी अपील कसे करावे?

येथे शंका अशी की, निवृत्तिमार्गी साधकास राज्यव्यवहाराची उठाठेव कशाला? समाधान असे: श्रीचक्रधरस्वामींनी स्त्रीशूद्रांस मोक्षाचा अधिकार सांगितला. मोक्षाचा अधिकारी असलेला जीव दाखल्याच्या खिडकीवर अनधिकारी कसा ठरेल? शिवाय अहिंसा म्हणजे केवळ शस्त्र न उचलणे नव्हे. दारी आलेल्याचे मन तुच्छतेने दुखावणे हीही हिंसाच होय.

म्हणून जे वासनिक शासनसेवेत आहेत, त्यांनी खिडकीपुढील अडाणी माणसास ‘उद्या या’ म्हणण्यापूर्वी आचार्यांची म्हातारी आठवावी. जे लिहितेवाचते आहेत, त्यांनी एखाद्याचा अर्ज भरून द्यावा, त्याच्यासोबत कचेरीपर्यंत चालावे. आणि आपल्या मठाच्या पंक्तीत कोणी मागे उभा राहतो काय, हेही आपण प्रत्येकाने एकदा वळून पाहावे.

दंडवत प्रणाम.