पहिल्या सुईचा क्रम

अक्कलकोट, मंगळवेढा, करमाळा, पलीकडे धाराशिव आणि विजयपूर. एवढ्या मुलखातलं तापानं फणफणलेलं, आकडी येऊन मान ताठ झालेलं मूल अखेर सोलापूरच्या सिव्हिलला येतं. त्याआधी गावात एक आणि तालुक्याला एक अशा सुया त्याला टोचून झालेल्या असू शकतात. कोणतं औषध, किती वाजता, हे बरोबरच्या चिठ्ठीत असेलच असं नाही. जिवाणूंमुळे होणाऱ्या मेंदूज्वरात मात्र या दोन नोंदींवर त्या मुलाचं ऐकू येणं अवलंबून असू शकतं.

प्रतिजैविक जिवाणूंना मारतं. पण मरताना त्यांच्या भिंतींचे तुकडे मेंदूभोवतीच्या पाण्यात पसरतात आणि दाह आणखी भडकतो. सूज मेंदूला बाधते, कानाच्या आतल्या शंखालाही बाधते. मूल वाचतं, पण बहिरं होतं. हा दाह आवरायला डेक्सामेथासोन हे स्टेरॉईड देतात. ते प्रतिजैविकाच्या पहिल्या डोसाच्या आधी किंवा बरोबर जायला हवं. नंतरच्या काही तासांत त्याचा उपयोग ओसरत जातो. 2002 मध्ये युरोपातल्या 301 प्रौढ रुग्णांवरच्या चाचणीत या क्रमानं औषध दिलं, तेव्हा मृत्यू 15 टक्क्यांवरून 7 टक्क्यांवर आले.

मग आफ्रिकेतल्या मलावीतून उलट बातमी आली. तिथल्या मुलांमध्ये 2002 साली आणि प्रौढांमध्ये 2007 साली काहीच फायदा दिसला नाही. 2015 च्या कॉक्रेन आढाव्यात स्टेरॉईडच्या 25 चाचण्या एकत्र केल्या. बहिरेपण कमी झालं होतं, पण गरीब देशांत फायदा आढळला नाही. म्हणून आपल्याकडे या औषधाचा आग्रह नको, असा निष्कर्ष काढणं सोपं आहे. मला तो पटत नाही. मलावीतल्या प्रौढांपैकी बहुतेक एचआयव्हीबाधित होते आणि उशिरा दाखल झाले होते. त्याच 2007 साली व्हिएतनाममध्ये, जिवाणू पक्के सापडलेल्या रुग्णांना डेक्सामेथासोनचा फायदा झाला. गरिबी रक्तात नसते. ती रस्त्यात असते, उशिरात असते, आधीच्या अर्धवट उपचारात असते. सोलापूर जिल्ह्यातलं मूल मलावीच्या बाजूला जाणार की युरोपच्या, हे सिव्हिलच्या वॉर्डापेक्षा तालुक्याच्या टेबलावर अधिक ठरतं. तिथे ही दोन्ही औषधं एकत्र ठेवलेली असली पाहिजेत आणि दिल्याची वेळ चिठ्ठीवर लिहिली गेली पाहिजे. डेक्सामेथासोन हाताशी नाही म्हणून प्रतिजैविक मात्र क्षणभरही थांबवू नये.

हे लिहिताना भीतीही वाटते. 2021 चा काळ्या बुरशीचा उन्हाळा महाराष्ट्र विसरलेला नाही. कोरोनात स्टेरॉईड भरमसाट वापरलं की काय होतं ते आपण पाहिलं. साध्या तापाला डेक्सा टोचण्याची सवय आधीच आहे, तिला या लेखाचा आधार मिळू नये. पूरक औषध म्हणून जे सुचतं ते सगळं तारतंच असंही नाही. ग्लिसरॉल स्वस्त, तोंडावाटे देता येणारं. त्याच्यावर फार आशा होती, पण मलावीतल्या प्रौढांवरची चाचणी मृत्यू वाढल्यानं थांबवावी लागली. 2011 मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

औषध वेळेवर दिलं तरी काही मुलांचे कान जातात. या आजारानंतर शंखात हाड भरू लागतं, कधी काही आठवड्यांतच. मग कॉक्लिअर इम्प्लांटची तार आत सरकवणं अवघड होतं. म्हणून ब्रिटनमध्ये शक्यतो घरी सोडण्याआधी, नाहीतर प्रकृती सावरल्यापासून चार आठवड्यांत श्रवणचाचणी करण्याची शिफारस आहे. आपल्याकडे ताप उतरला, मूल जेवू लागलं की आई त्याला घेऊन एसटी गाठते. तिच्या हातातल्या डिस्चार्ज कार्डावर ऐकण्याच्या बेरा चाचणीची तारीख लिहिलेली असावी, आणि त्या तारखेला ती आली नाही तर गावच्या आशाताईंना फोन जावा.